भरपाईच्या पैशातली शिष्यवृत्ती

ऑगस्ट १९१०मध्ये शांघायहून सत्तर चिनी तरुण अमेरिकेला जायला निघाले. त्यातल्या कित्येकांनी निघण्याआधी वेण्या कापून टाकल्या होत्या. मांचू राजवटीत वेणी कापणं म्हणजे साधी केशभूषा नव्हे, बंडाची खूण. पण परदेशी निघालेल्या सरकारी विद्यार्थ्यांकडे अधिकारी काणाडोळा करत. अंगात नवे कोट, सोबत नव्या ट्रंका. हे सगळे बीजिंगच्या परीक्षेत चारशेंहून अधिक उमेदवारांमधून निवडले गेले होते. निकालाच्या यादीत पंचावन्नाव्या क्रमांकावर हू शी नावाचा अठरा वर्षांचा मुलगा होता, आणि दुसऱ्या क्रमांकावर चाओ युआनरेन. पहिल्याने पुढे चिनी साहित्याची भाषाच बदलायचा घाट घातला, दुसरा चीनचा सर्वांत मोठा भाषाशास्त्रज्ञ झाला. गंमत म्हणजे दोघांनाही पाठवलं जात होतं ते शेती, खाणी, यंत्रं असलं काहीतरी शिकायला.

या प्रवासाचा, कपड्यांचा, विद्यापीठाच्या फीचा आणि महिन्याच्या खर्चाचा पैसा अमेरिकेने दिला, असं पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं सापडतं. ते अर्धंच खरं आहे. पैसा चीनचा होता. तो आधी अमेरिकेने घेतला होता, आणि आता त्यातला काही भाग ती परत करत होती.

हे प्रकरण १९००पासून सुरू होतं. त्या उन्हाळ्यात 'बॉक्सर' म्हणून ओळखल्या गेलेल्या बंडखोरांनी आणि मागाहून दरबारी सैन्याने बीजिंगमधल्या परकीय वकिलातींना पंचावन्न दिवस वेढा घातला. मिशनरी आणि त्यांच्याहून कितीतरी अधिक चिनी ख्रिस्ती मारले गेले. आठ देशांच्या फौजांनी वेढा मोडला आणि मग बीजिंग लुटलं. (या आठांमधल्या ब्रिटिश तुकडीत बहुसंख्य शिपाई हिंदुस्थानी होते. सातव्या राजपूत पलटणीतल्या ठाकूर गदाधर सिंह यांनी 'चीन में तेरह मास' नावाचं पुस्तकच लिहिलं. आपल्याकडच्या इतिहासात चीनशी आलेला हा संबंध कुणी फारसा आठवत नाही.) ७ सप्टेंबर १९०१ रोजी तह झाला. चीनने ४५ कोटी 'टेल' रुपं भरपाई म्हणून द्यायचं, ३९ वर्षांत, ४ टक्के व्याजाने. व्याज धरलं तर आकडा दुपटीच्याही वर जात होता. रशियाने सर्वांत मोठा वाटा उचलला, त्याखालोखाल जर्मनी, फ्रान्स, ब्रिटन. अमेरिकेच्या वाट्याला जेमतेम सात टक्के आले, म्हणजे सुमारे २ कोटी ४४ लाख डॉलर.

हा आकडा फुगवलेला होता. अमेरिकन नागरिकांचं आणि लष्कराचं प्रत्यक्ष नुकसान त्याच्या जवळपासही जात नव्हतं. वॉशिंग्टनमध्ये हे ठाऊक होतं. ठाऊक असणं आणि ते तोंडाने कबूल करणं यांत मात्र अंतर असतं, आणि ते पार करायला एक माणूस लागला.

लिआंग चेंग १९०३ साली चीनचा राजदूत म्हणून वॉशिंग्टनला आला. त्याचं इंग्रजी अस्सल न्यू इंग्लंडचं होतं, कारण लहानपणी तो तिथेच शिकला होता; फिलिप्स अकादमीच्या बेसबॉलच्या संघात खेळला होता. त्या काळी भरपाईचे हप्ते सोन्याच्या भावाने द्यायचे की रुप्याच्या, यावर वाद चालला होता. रुपं घसरत होतं आणि चीन बुडत होता. या वाटाघाटींत परराष्ट्रमंत्री जॉन हे यांच्या तोंडून निघून गेलं की मुळात अमेरिकेची मागणीच जास्त आहे. निदान लिआंगने आपल्या सरकारला कळवलं ते असं. एवढा धागा हाती लागल्यावर त्याने तो सोडला नाही. सोन्यारुप्याचा वाद बाजूला ठेवून तो जादा रकमेच्या मागे लागला. सिनेटर, वर्तमानपत्रांचे संपादक, मिशनरी, जिथे बोलावतील तिथे भाषण. १९०५मध्ये हे वारले. काम लांबलं, पण थांबलं नाही.

लिआंग चेंग तिथे कसा शिकला होता, हे इथेच सांगायला हवं. त्यासाठी आणखी तीस वर्षं मागे जावं लागतं. अमेरिकन विद्यापीठातून पदवी घेतलेला पहिला चिनी माणूस म्हणजे युंग विंग, येल, १८५४. मकाव आणि हाँगकाँगच्या मिशन शाळेतला हा गरीब मुलगा. त्याला अमेरिकेत पुढे शिकायला पैसे देऊ करण्यात आले, पण अट होती - परत जाऊन मिशनरी व्हायचं, असं आधीच लिहून द्यायचं. त्याने नकार दिला. आपल्याला देशाच्या उपयोगी कसं पडायचं हे आत्ताच बांधून घेणार नाही, असं त्याचं म्हणणं. शेवटी जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना इथल्या स्त्रियांच्या एका मंडळाने बिनअटीची मदत केली. त्या काळच्या एका निष्कांचन मुलाने असा नकार द्यावा, याचं मला फार नवल वाटतं. अट मान्य करून मागाहून मोडणं सोपं होतं.

याच युंग विंगने पुढे चिनी सरकारच्या गळी उतरवून १८७२पासून चार वर्षांत १२० मुलगे न्यू इंग्लंडला आणले. बारा-चौदा वर्षांची पोरं, घराघरांतून ठेवलेली, सायकली नि बेसबॉल शिकलेली. पंधरा वर्षं शिकून परत जायचं असा बेत होता. पण मुलं चर्चमध्ये जातात, वेण्या लपवतात, पुस्तकं पाठ करायची सोडून पळापळी करतात, अशा तक्रारी बीजिंगला जाऊ लागल्या. त्यात भर म्हणजे अमेरिकेने त्यांना वेस्ट पॉइंट आणि अॅनापोलिस इथल्या लष्करी शाळांत घ्यायला नकार दिला. १८८१मध्ये सगळ्यांना परत बोलावलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेने चिनी मजुरांना देशात यायला बंदी करणारा कायदा केला. परत गेलेल्या त्या मुलांना मायदेशात आधी संशयाने वागवलं गेलं. मग त्यांनीच चीनचे रेल्वेमार्ग बांधले, तारायंत्रं चालवली, राजदूतपदं भूषवली. लिआंग चेंग त्यांतला एक. तांग शाओयी दुसरा. त्याचं नाव पुढे येईल.

आता पुन्हा १९०५. चिनी मजुरांवरची बंदी वीस वर्षं चालू होती आणि तिची झळ फक्त मजुरांना लागत नव्हती. विद्यार्थी आणि व्यापारी यांना कायद्याने सूट होती, पण बंदरावर उतरताना त्यांनाही कोंडून ठेवलं जाई, कपडे उतरवून तपासलं जाई. त्या वर्षी शांघाय आणि कँटनमध्ये अमेरिकन मालावर बहिष्कार पुकारला गेला. आपल्याकडे बंगालच्या फाळणीविरुद्ध स्वदेशीची चळवळ उभी राहिली तेच हे वर्ष. अमेरिकन व्यापाऱ्यांचे धाबे दणाणले. याच सुमाराला चिनी मुलं झुंडीने जपानला शिकायला जात होती. उद्याचा चीन जपानी पुस्तकं वाचून मोठा होणार, ही धास्ती अमेरिकेत बोलून दाखवली जाऊ लागली. आर्थर स्मिथ नावाचे मिशनरी १९०६मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना भेटले. इलिनॉय विद्यापीठाचे अध्यक्ष एडमंड जेम्स यांनी त्याच वर्षी त्यांना एक टिपण पाठवलं. त्याचा मथितार्थ असा, की चिनी तरुणांची ही पिढी जो देश शिकवील त्याला बुद्धीच्या, नीतीच्या आणि व्यापाराच्या क्षेत्रात भरघोस परतावा मिळेल. परतावा हाच त्यांचा मुद्दा होता. जेम्स हे लपवत नव्हते, म्हणून त्यांचं टिपण आज वाचायला अधिक प्रामाणिक वाटतं.

२५ मे १९०८ रोजी काँग्रेसने ठराव केला. अमेरिकेने १ कोटी ३६ लाख डॉलर आणि काही हजार स्वतःकडे ठेवायचे (त्यातले २० लाख उरलेले दावे मिटवण्यासाठी राखीव), बाकी सुमारे १ कोटी ८ लाख परत करायचे. ठरावाचा सूर मैत्रीचा होता, अट त्यात उघड लिहिलेली नव्हती. पण हा पैसा शिक्षणावरच खर्च व्हायला हवा, हे बीजिंगमधले अमेरिकन राजदूत रॉकहिल यांनी चिनी सरकारला पुरेपूर समजावलं होतं. चिनी सरकारला तसं करायचं नव्हतं. मांचुरियात रशिया आणि जपान पाय रोवत होते. तिथे बँक काढावी, रेल्वे बांधाव्यात, हा पैसा त्याला तारण म्हणून वापरावा, असा तांग शाओयी आणि युआन शिकाई यांचा मनसुबा होता. आभार मानण्याच्या निमित्ताने तांग स्वतः वॉशिंग्टनला गेला, ते हाच बेत घेऊन. जमलं नाही. स्वतः अमेरिकेत शिकलेला माणूस म्हणत होता की आज शिष्यवृत्त्या नकोत, रेल्वे हवी. आणि अमेरिकन म्हणत होते, पैसा तुमचा, पण शिष्यवृत्त्याच.

व्यवस्थाही पाहण्यासारखी होती. चीनने दरमहा पूर्ण हप्ता भरायचा. मग त्यातली जादा रक्कम त्याला परत मिळायची. एका हाताने घेऊन दुसऱ्याने देण्याचा हा द्राविडी प्राणायाम अशासाठी, की विद्यार्थी पाठवण्याचं काम चीनने थांबवलं तर अमेरिकेलाही परतफेड थांबवता यावी. इतिहासकार मायकेल हंट यांनी १९७२मध्ये ही सारी कागदपत्रं उलगडून दाखवली, तोवर अमेरिकेच्या औदार्याचा नमुना म्हणूनच ही गोष्ट सांगितली जाई.

ठरलं असं: पहिली चार वर्षं दरवर्षी शंभर मुलं, नंतर किमान पन्नास. ऐंशी टक्क्यांनी शेती, खाणकाम, अभियांत्रिकी असे विषय घ्यायचे, वीस टक्क्यांनी कायदा, राज्यशास्त्र वगैरे. पण शंभर मुलं मिळेनात. १९०९च्या पहिल्या परीक्षेला ६३० उमेदवार बसले आणि ४७ निवडले गेले. म्हणून तयारीसाठी शाळा काढायचं ठरलं. जागा मिळाली ती बीजिंगच्या वायव्येला, त्सिंगह्वा नावाच्या जुन्या राजबागेत. १८६०मध्ये इंग्रज-फ्रेंच फौजांनी जाळलेल्या उन्हाळी राजवाड्याच्या अवशेषांना लागून. १९११च्या एप्रिलमध्ये शाळा सुरू झाली. बारा-तेरा वर्षांची मुलं आत यायची आणि आठ वर्षांनी थेट जहाजावर चढायची. शिक्षक पुष्कळसे अमेरिकन, शिकवणं इंग्रजीत, व्यायाम सक्तीचा. सभागृहाचा घुमट जेफरसनच्या व्हर्जिनिया विद्यापीठातल्या इमारतीची आठवण करून देणारा. लोक या शाळेला 'भरपाईची शाळा' म्हणत. त्यात कौतुक नव्हतं. खिडकीतून बाहेर पाहिलं की जळका राजवाडा, आत पाहिलं की त्याच अपमानाच्या हप्त्यांतून आलेली नवी बाकं. अशा ठिकाणी मुलगा इंग्रजी व्याकरण पाठ करत असेल तेव्हा त्याच्या मनात काय चालत असेल, याची कल्पना आपल्याला करता यायला हवी. लॉर्ड मेकॉलेच्या शाळांतून आपल्याही दोन-तीन पिढ्या गेल्याच आहेत.

ऐंशी-वीसचा नियम करणाऱ्यांना यंत्रं चालवणारी माणसं हवी होती. हू शी कॉर्नेलच्या शेती महाविद्यालयात दाखल झाला. तिथे फी नव्हती, त्यामुळे शिष्यवृत्तीतले पैसे वाचवून आईला पाठवता येत. मग फळशास्त्राच्या वर्गात सफरचंदांचं प्रात्यक्षिक आलं. टेबलावर तीसेक सफरचंदं मांडलेली आणि प्रत्येकाची जात ओळखायची. अमेरिकन शेतकऱ्यांची पोरं बघता बघता ओळखून, उरलेली सफरचंदं खिशात घालून निघून जात. हू शी तासन् तास पुस्तकात बघून तपासत बसे आणि तरी चुके. ज्या फळांची चिनी नावंही नाहीत ती पाठ करून उपयोग काय, असा प्रश्न त्याने स्वतःला विचारला आणि तत्त्वज्ञानाकडे वळला. पुढे तो ही गोष्ट तरुणांना आवडीने सांगत असे.

चाओ युआनरेन गणित आणि पदार्थविज्ञान करता करता सगळ्या चिनी बोलींच्या उच्चारांचा नाद लागलेला माणूस. त्याने आणि कॉर्नेलमधल्या काही मित्रांनी १९१४मध्ये विज्ञानासाठी एक संस्था काढली आणि पुढल्या वर्षी तिचं मासिक. पैसा कुठला? शिष्यवृत्तीतूनच वाचवलेला. पोटाला चिमटा काढून, कोण कमी पैशांत जेवतो याच्या पैजा लावून, आजारी पडेपर्यंत. ते मासिक आडव्या ओळींत, डावीकडून उजवीकडे छापलं गेलं, कारण उभ्या ओळींत समीकरणं बसत नाहीत.

१९१६च्या उन्हाळ्यात याच मित्रांच्या टोळक्यात एक वाद झाला. इथाकाजवळच्या तलावात नाव उलटली, त्यावर एकाने जुन्या वळणाच्या ग्रंथिक चिनीत कविता लिहून हू शीला पाठवली. हू शीने ती मेलेली भाषा आहे म्हणून झोडपली. पत्रांवर पत्रं गेली. बाजारात बोलतात त्या भाषेत कविता होऊ शकते का, या प्रश्नावर तो एकटा पडला आणि हट्टाला पेटला. १ जानेवारी १९१७ला 'नवयौवन' मासिकात त्याचा लेख छापून आला आणि चिनी साहित्यात बोलीभाषेचं युग सुरू झालं. चेन हेंगजे ही १९१४च्या तुकडीतली मुलगी त्या वादात हू शीच्या बाजूने बोलणाऱ्या मोजक्या लोकांपैकी. (त्या वर्षापासून मुलींनाही पाठवू लागले, दर दोन वर्षांनी दहा.) व्हासर कॉलेजच्या वसतिगृहातल्या एका दिवसावर तिने बोलभाषेत गोष्ट लिहिली, १९१७मध्येच. परत गेल्यावर १९२०मध्ये ती बीजिंग विद्यापीठातली पहिली स्त्री प्राध्यापक झाली. खाणी आणि शेतीसाठी आखलेल्या योजनेतून हे निघालं.

हू शी सप्टेंबर १९१५मध्ये जॉन ड्युई यांच्याकडे शिकायला कोलंबिया विद्यापीठात आला. तेव्हा तिथे, ड्युईंच्याच वर्गांना बसणारा, जवळपास त्याच्याच वयाचा आणखी एक परदेशी विद्यार्थी होता - भीमराव रामजी आंबेडकर. १९१५-१६चं शैक्षणिक वर्ष दोघांनी एकाच आवारात काढलं. आंबेडकरांचा जातिसंस्थेवरचा प्रसिद्ध निबंध मे १९१६चा, हू शीचा कवितेवरून पेटलेला वाद त्यानंतर दोन महिन्यांनी. दोघांवर ड्युईंची छाप जन्मभर राहिली. १९१९ला ड्युई चीनमध्ये आले तेव्हा त्यांची व्याख्यानं चिनीत करून सांगणारा हू शी होता; १९३६च्या 'जातिनिर्मूलना'त आंबेडकर आपल्या या गुरूचं ऋण नाव घेऊन मानतात. आणि योगायोग असा, की छापील प्रबंध सादर करण्याच्या नियमामुळे दोघांनाही कोलंबियाची पीएच.डी. प्रत्यक्ष मिळाली ती १९२७मध्ये.

आंबेडकरांचा पैसाही अमेरिकेचा नव्हता. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं, बडोदे संस्थानच्या तिजोरीतून. त्यालाही करार होता: ठरलेले विषय शिकायचे आणि परत येऊन दहा वर्षं बडोद्याची नोकरी करायची. १९१७मध्ये ते करार पाळायला बडोद्याला गेले, तेव्हा काय झालं ते मराठी वाचकाला सांगायला नको. कचेरीत शिपाई कागद दुरून टाकत, राहायला खोली मिळेना, पारशी खाणावळीतून लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. करार एका बाजूने पाळला जाणं शक्यच नव्हतं. सयाजीरावांनी शिष्यवृत्ती दिली. तिला लायक शहर देणं त्यांच्याही हाती नव्हतं.

चिनी विद्यार्थ्यांना हा अनुभव उलट्या दिशेने आला. घरी परतल्यावर मान, परदेशात अपमान. पहिल्या वर्गाने प्रवास करायचा, म्हणजे बंदरावरचे अधिकारी मजूर समजणार नाहीत, हे ते शिकून आले होते. वेन यिदुओ हा कवी-चित्रकार १९२२ला शिकागोच्या कलाशाळेत आला. रस्त्यात 'तुझा बाप धोबी का?' हे विचारलं जाणं नेहमीचंच होतं, कारण अमेरिकेतला चिनी म्हणजे लाँड्रीवाला हे समीकरण पक्कं. त्याने धोब्यांवरच कविता लिहिली, त्यांच्या बाजूने. नंतर तो कोलोरॅडो कॉलेजमध्ये गेला. १९२४च्या पदवीदान समारंभात मुलगा-मुलगी अशा जोड्यांनी चालायची प्रथा होती. सहा चिनी पदवीधरांबरोबर चालायला एकही मुलगी तयार नव्हती, म्हणून त्यांच्या आपसातच तीन जोड्या लावून दिल्या. त्यांच्यातल्याच लिआंग शिछिउने हे लिहून ठेवलंय. ज्या कायद्याने धोब्याच्या बायकोला अमेरिकेत येऊ दिलं नाही, तोच कायदा धोब्याच्या देशबांधवाला विद्यार्थी म्हणून आत घेत होता. 'चांगला परदेशी' आणि 'वाईट परदेशी' यांतली ही रेघ तेव्हा आखली गेली. ती पुसली गेलेली नाही.

१९२९पर्यंत त्सिंगह्वाने बाराशे-तेराशे विद्यार्थी पाठवले. मधे १९२४ला अमेरिकेने उरलेली रक्कमही सोडून दिली, शाळेचं विद्यापीठ झालं, आणि परीक्षा आता देशभरच्या पदवीधरांना खुली झाली. त्यातून छियान श्वेसेन १९३५ला गेला. अमेरिकेच्या रॉकेट-संशोधनाच्या पायाभरणीत तो होता, युद्धात अमेरिकन लष्कराचा कर्नलही. १९५०मध्ये कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून त्याला नजरकैदेत टाकलं, पाच वर्षांनी परत पाठवलं, आणि त्याने चीनला क्षेपणास्त्रं बांधून दिली. यांग चेननिंग युद्ध संपता संपता शिकागोला पोहोचला. १९५७ला त्याला पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं. एडमंड जेम्स यांच्या परताव्याच्या हिशेबात या दोघांना कुठल्या रकान्यात घालायचं?

युद्धानंतर सिनेटर फुलब्राइट यांनी १९४६मध्ये जी योजना आणली तिचाही पैसा असाच आडवळणाने आलेला. परदेशात पडून राहिलेलं युद्धाचं सामान तिथल्याच सरकारांना विकायचं आणि तिथल्याच चलनात मिळालेल्या किमतीतून विद्यार्थी नि प्राध्यापक इकडून तिकडे पाठवायचे. या योजनेचा पहिला करार नोव्हेंबर १९४७मध्ये झाला, तो चीनशीच. दोन वर्षांत क्रांती झाली आणि तो गुंडाळला गेला. भारताशी करार २ फेब्रुवारी १९५०ला झाला. पाठोपाठ १९५१मध्ये दुष्काळ पडला असताना अमेरिकेने गव्हासाठी १९ कोटी डॉलर दिले, पण कर्जाऊ. आणि भारत भरणार असलेल्या व्याजातले ५० लाखांपर्यंत डॉलर ग्रंथालयांची पुस्तकं, प्रयोगशाळांची उपकरणं आणि अभ्यासकांची ये-जा यांसाठी बाजूला काढले. भुकेच्या कर्जावरचं व्याज देऊन आपली काही माणसं अमेरिकेत शिकून आली. ती चांगली शिकून आली, हेही खरं.

१९०९च्या त्या पहिल्या सत्तेचाळीस जणांत मेई यीची होता. वूस्टरला विद्युत अभियांत्रिकी शिकला, परत आला, १९३१पासून त्सिंगह्वाचा अध्यक्ष. फार कमी बोलणारा माणूस. १९४८च्या अखेरीस बीजिंग पडताना तो विमानाने निघून गेला आणि पुढची काही वर्षं न्यूयॉर्कमध्ये एका छोट्या कचेरीत बसून त्सिंगह्वाच्या नावे उरलेल्या निधीची राखण करत राहिला. तैवानच्या सरकारला तो पैसा हवा होता; मेई सहजासहजी द्यायला तयार नव्हता. शेवटी १९५६मध्ये तैवानमधल्या शिंचू गावी त्याने त्या पैशातून अणुविज्ञानाची संस्था काढली आणि तिला जुनंच नाव दिलं. तिथून १९६१मध्ये ली युआनत्से नावाचा विद्यार्थी एम.एस्सी. झाला आणि पीएच.डी.साठी बर्कलेला गेला. १९८६चं रसायनशास्त्राचं नोबेल ज्या तिघांना मिळालं त्यांत तो होता. तोवर बॉक्सरांच्या वेढ्याला शहाऐंशी वर्षं झाली होती.